एका दुर्मिळ व्याधीची नोंद

रोगांचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा मोठ्या साथींकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. १८९६ साली प्लेगने मुंबई गाठली तेव्हा शहरातील माणसे गावोगाव पळाली, नवे कायदे झाले, राजकारण पेटले. असा रोग इतिहासाच्या पानावर आपण होऊन येतो. पटकीचे आणि देवीचेही तेच. परंतु काही व्याधी अशा असतात की, एखाद्या डॉक्टराने सारी हयात रुग्ण तपासण्यात घालवावी आणि त्या त्याच्या दृष्टीस एकदाही पडू नयेत. त्यांच्यामुळे एकही बाजार बंद होत नाही, एकही कायदा बदलत नाही. तथापि त्यांनाही इतिहास असतो. त्यात मृतांचे आकडे थोडे आणि नावांचे घोटाळे फार. अशा व्याधीने गांजलेल्या माणसाचे पहिले दुर्दैव म्हणजे ती व्याधी, आणि दुसरे दुर्दैव हे की, तिच्यासाठी वैद्याच्या वहीत रकानाच नसतो.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका व्याधीचा वृत्तांत वाचकांस सादर करीत आहोत. घर्मग्रंथीच्या नलिकांशी नाते सांगणारा हा त्वचेचा कर्करोग आहे. तो बहुधा चेहऱ्यावर, वरच्या ओठाच्या किंवा नाकाच्या आसपास उद्भवतो आणि वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलांनी वाढतो. ‘मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा’ हे त्याचे शास्त्रीय नाव १९८२ सालचे आहे. रोग अर्थातच त्यापूर्वीही होता. माणसे त्याने पीडली जात होती, त्यावर शस्त्रे चालत होती, आणि तो पुनःपुन्हा परत येत होता. त्यास नाव कसे मिळाले आणि नाव मिळाल्याने उपचारात काय पालट झाला, हा या लेखाचा विषय आहे.

कथेचा आरंभ घामापासूनच करावा लागतो. घाम ही नित्य परिचयाची वस्तू. परंतु तो शरीरातून नेमका कोठून येतो, याचा उलगडा होण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली. १६८४ साली इंग्लंडमधील नेहेमाया ग्रू या वैद्याने तळहाताच्या व तळपायाच्या कातडीवरील बारीक वरंब्यांवर रांगेने असलेली रंध्रे वर्णून त्यांचे चित्र प्रसिद्ध केले. वरचे दार असे सापडले. आतील घर दिसावयास मात्र आणखी दीडशे वर्षे गेली. १८३३ साली ब्रेस्लाव येथे पुर्किंजे व त्यांचे शिष्य व्हेंट यांनी, आणि पाठोपाठ १८३४ साली पॅरिस येथे ब्रेशे व रूसेल द व्होझेम यांनी घर्मग्रंथींचे व त्यांच्या नलिकांचे वर्णन केले. माणसाच्या अंगावर अशा ग्रंथी २० ते ४० लाख असतात. प्रत्येकीचे खालचे टोक अंतस्त्वचेत वेटोळे घालून बसलेले असते. तेथून नलिका सरळ वर चढते आणि बाह्यत्वचेत शिरल्यावर मळसूत्रासारखी वळणे घेत पृष्ठभागावर उघडते. पुढे जर्मन शास्त्रज्ञ शीफरडेकर यांनी १९२२ सालच्या आपल्या ग्रंथात या ग्रंथींचे दोन वर्ग स्पष्ट केले. एक सर्वांगावर पसरलेल्या व अंग थंड राखणाऱ्या ‘एक्रिन’ ग्रंथींचा, आणि दुसरा काखेसारख्या मोजक्या जागी केसांच्या मुळांशी संलग्न असलेल्या ‘अपोक्रिन’ ग्रंथींचा. जेथे इतक्या लाखो नलिका आहेत, तेथे क्वचित एखादीच्या पेशींनी शिस्त मोडावी, यात नवल नाही. नवल हे की, हे इतके क्वचित घडते.

त्वचेचे काही कर्करोग वैद्यकास फार पूर्वीच परिचित झाले होते, कारण त्यांचे कारण डोळ्यांपुढे होते. लंडनच्या धुराड्या साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखविले. आपल्याच देशात, काश्मीरमध्ये, अंगरख्याच्या आत कांगडी धरून ऊब घेणाऱ्या लोकांच्या पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ साली नोंदविला. श्रीनगरकडे नेमणूक झालेल्या आमच्या वाचकांना कांगडीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. आणि १९४५ साली आपले डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह लोकांच्या रूढी व त्यांतून उद्भवणारे कर्करोग यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात कमरेस धोतर घट्ट कसून त्याच जागी वर्षानुवर्षे घर्षण होत राहिल्याने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आले. १९४१ साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे खानोलकर हे प्रमुख होते. काजळी, निखारा आणि धोतराची गाठ, या तिन्ही उदाहरणांत रोगी पुष्कळ होते, रोगाची जागा ठरलेली होती, आणि रुग्णांची राहणी पाहून वैद्यास कारण हुडकता येत होते.

घर्मनलिकेच्या कर्करोगाचे तसे नव्हते. त्याला धंदा नाही, रूढी नाही, प्रांत नाही. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक नोंदला गेला आहे, पण इतर वंशांतही तो आढळतो. बहुधा मध्यम वयात किंवा त्यानंतर तो प्रकट होतो. एका शहरात एका डॉक्टराकडे असा एक रुग्ण आला, तर दुसरा येईतो पहिल्याची आठवणही बुजून जावी. अशा स्थितीत रोगाची ओळख रुग्णशय्येजवळ पटणे अशक्यच होते. ती पटली प्रयोगशाळेत, जेथे काचपट्टीवर चिकटविलेले त्वचेचे पातळ काप वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असतात आणि वीस वर्षांपूर्वीचा काप आजच्या कापाशेजारी ठेवून पाहता येतो.

तेथेही मार्ग सरळ नव्हता. घर्मनलिकेपासून होणारी एक निरुपद्रवी गाठ वैद्यांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. डोळ्यांच्या खालच्या पापण्यांवर बारीक पुटकुळ्यांच्या रूपाने ती पुष्कळांना, विशेषतः स्त्रियांना होते आणि सौंदर्याखेरीज कशासही बाध आणीत नाही. १८७२ साली व्हिएन्नाचे कापोझी यांनी तिचे वर्णन केले तेव्हा ती लसवाहिन्यांपासून होते अशी त्यांची समजूत होती. पुढे घर्मनलिकांशी तिचा संबंध ध्यानात आला, आणि नळी किंवा पावा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सिरिंगोमा’ हे नाव तिला रूढ झाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आमच्या कथेतील सारा घोटाळा या निरुपद्रवी भगिनीमुळेच झाला आहे.

घर्मनलिकेच्या गाठींचा अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास शिस्तीने होऊ लागला, त्याचे पुष्कळसे श्रेय हेर्मान पिंकस यांचे आहे. बर्लिनमधील त्वचारोगतज्ज्ञ फेलिक्स पिंकस यांचे हे पुत्र. नाझी राजवटीच्या आरंभीच त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि पुढील आयुष्य त्यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्यात घालविले. १९५६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘एक्रिन पोरोमा’ या सौम्य गाठीचे वर्णन केले. घर्मनलिकेचा जो भाग बाह्यत्वचेतून वळणे घेत जातो, त्याच भागापासून ही गाठ होते, हे त्यांनी दाखविले. १९६३ साली त्यांनी व मेहरेगन यांनी त्याच भागाच्या मारक रूपाचा एक रुग्ण प्रसिद्ध केला. आणि १९६९ साली मिशिमा व मोरिओका यांनी अशा कर्करोगास ‘पोरोकार्सिनोमा’ हे नाव दिले. अशा रीतीने नलिकेच्या एकेका भागाच्या गाठींस स्वतंत्र नोंद मिळू लागली. तरी आमच्या विषयाचा रोग या यादीबाहेरच राहिला होता. त्याच्या काचपट्ट्या कपाटांत होत्या. परंतु त्यांवरील चिठ्ठ्यांवर कोठे सिरिंगोमा, कोठे केसाच्या मुळाची सौम्य गाठ, तर कोठे त्वचेचा नेहमीचा, ‘बेसल सेल’ नावाचा कर्करोग, असे निरनिराळे निदान लिहिलेले असे.

१९८२ साली गोल्डस्टीन, बार व सान्ता क्रूझ या तिघा अमेरिकी संशोधकांनी ‘कॅन्सर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघे सहा रुग्ण होते. सहांच्या आधारावर नवा रोग घोषित करणे हे धाडस वाटेल. पण त्यांनी जे पाहिले ते सहाही जणांत एकसारखे होते. त्वचेच्या उपांगांपासून, म्हणजे केसांची मुळे, घर्मग्रंथी इत्यादींपासून झालेला, आणि ज्यात बारीक बारीक कोश आढळतात असा हा कर्करोग, म्हणून त्यांनी त्यास मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा म्हटले. १९८५ साली कूपर व त्यांचे सहकारी यांनी याच घराण्यातील रुग्णांचे आणखी वर्णन करून घर्मनलिकेवर भर देणारे दुसरे एक नाव सुचविले. त्या सहकाऱ्यांत बार व सान्ता क्रूझ हेही होते. नावे दोन झाली, तरी रोगाची स्वतंत्र ओळख त्यानंतर कोणी नाकारली नाही.

या तिघांनी पाहिले ते काय? आम्ही ते एका तीन मजली वाड्याच्या दाखल्याने सांगतो. या गाठीचा वरचा मजला, म्हणजे त्वचेच्या पृष्ठभागाजवळचा थर, पाहावा तर तेथे शृंगद्रव्याने भरलेले गोल कोश दिसतात. केसाच्या मुळाच्या सौम्य गाठींतही नेमके तसेच कोश असतात. मधला मजला पाहावा तर पेशींच्या लहान नळ्या व बेडकाच्या पिलांसारखी शेपटी असलेले पुंजके दिसतात. तो थेट सिरिंगोमाचा देखावा होय. तळमजल्यावर उतरल्यावाचून खरा प्रकार कळत नाही. तेथे घट्ट तंतुमय ऊतीतून पेशींच्या एकेरी-दुहेरी रांगा खाली खाली उतरत असतात, स्नायूत शिरलेल्या असतात आणि मज्जातंतूंना वेढून त्यांच्या कडेकडेने पुढे निघालेल्या असतात. या पेशी दिसावयास मात्र अत्यंत सभ्य असतात. कर्करोगाच्या पेशींत जी विद्रूपता आणि विभाजनाची जी घाई एरवी दिसते, ती येथे जवळजवळ नसते. पेशीचा चेहरा पाहून निदान करण्याची सवय जडलेल्या डोळ्यास येथे फसावेच लागते. कारण या रोगाचा दुष्टपणा पेशीच्या रूपात नसून तिच्या वाटचालीत आहे.

यावरून निदानाविषयी जो धडा मिळाला तो फार व्यावहारिक आहे. चेहऱ्यावरील बारीक गाठीचा तुकडा तपासणीस घेताना व्रण राहू नये म्हणून डॉक्टर वरवरचा पापुद्रा खरवडून घेतात, आणि पुष्कळ गाठींच्या बाबतीत तेवढे पुरते. येथे मात्र तसा तुकडा म्हणजे केवळ वरच्या मजल्याची झडती. विकृतिशास्त्रज्ञ कितीही निष्णात असला, तरी त्याच्या हाती जे आलेच नाही त्याविषयी तो काय लिहिणार? त्यामुळे ‘सौम्य’ असे निदान होई, रुग्ण निर्धास्त होई, आणि तळमजल्यावरील रांगा आपली वाट चालत राहत. म्हणून अशा घट्ट, पांढुरक्या किंवा पिवळसर, हळूहळू पसरणाऱ्या चकत्याचा तुकडा खोलवर, त्वचेखालील चरबीपर्यंत घ्यावा, हा नियम झाला. रुग्णाची एक तक्रारही बहुमोल ठरली. गाठीच्या जागी मुंग्या येतात, बधिरपणा वाटतो, असे जो सांगतो, तो मज्जातंतूंच्या कडेने चाललेल्या रांगांचीच वर्दी देत असतो. सिरिंगोमा अशी वर्दी देत नाही.

आता उपचाराकडे वळू. रोगाचा शेष ठेवू नये, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी असे सांगितले आहे की, ज्या अर्बुदाचा अंश मागे राहतो ते लवकरच पुन्हा उत्पन्न होते, आणि शिल्लक राहिलेल्या अग्नीप्रमाणे घात करते. म्हणून ते निःशेष काढावे. यात अधिक-उणे करावे असे काही नाही. अडचण आहे ती निःशेष झाले हे ओळखण्याची. डोळ्यास दिसते ती गाठ संपली की शस्त्र थांबते. आणि या व्याधीत डोळ्यास दिसते ते फारच थोडे असते. १९८२ नंतर जेव्हा जुन्या रुग्णांच्या हकीकती एकत्र करण्यात आल्या, तेव्हा नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांत रोग परत आल्याचे आढळले. काहींत तर तो कित्येक वर्षांनी परतला. ओठाचा थोडा भाग, मग नाकपुडी, मग गाल, अशा क्रमाने ज्यांचा चेहरा हप्त्याहप्त्याने गेला, त्यांच्या दुःखाची कल्पना आकड्यांवरून येणार नाही. हा रोग सहसा अन्य अवयवांत पसरत नाही, जीव क्वचितच घेतो. पण ज्या चेहऱ्याने मनुष्य जगापुढे उभा राहतो, तोच तो पोखरतो.

शेष ओळखण्याची युक्ती निघाली ती या रोगाचे नामकरण होण्याच्या अर्धशतकापूर्वी, आणि अगदी निराळ्या निमित्ताने. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोज हा वैद्यकीचा विद्यार्थी गायर या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करीत होता. गाठींत निरनिराळी द्रव्ये टोचून काय परिणाम होतो, हे पाहण्याचे प्रयोग चालले होते. त्यात त्यास असे आढळले की, झिंक क्लोराइडने ऊती मरते खरी, पण तिची सूक्ष्म रचना जशीच्या तशी कायम राहते. जणू ती प्रयोगशाळेतील बरणीत घालून ठेवली असावी. सामान्य विद्यार्थ्याने याची नोंद करून पुढचे द्रव्य हाती घेतले असते. मोज यांच्या मनात असे आले की, शरीरावर असतानाच ऊती जर अशी थिजविता येत असेल, तर तिचा एकेक थर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, आणि जेथे रोग उरला असेल नेमक्या तेथेच पुढचा थर काढावा. झिंक क्लोराइड, अँटिमनीचे एक खनिज आणि ब्लडरूट नावाच्या अमेरिकी वनस्पतीच्या मुळाची पूड यांचा लेप करून १९३६ साली त्यांनी रुग्णांवर उपचार आरंभिले आणि १९४१ साली आपली पद्धती प्रसिद्ध केली. आपल्याकडील क्षारकर्माशी तिचे बाह्य साम्य आहे. परंतु क्षार जाळून नाहीसे करतो, तर मोज यांचा लेप पुराव्यास धक्का न लावता थर हाती देत असे.

या पद्धतीचे मर्म काप घेण्याच्या रीतीत आहे. नेहमीच्या तपासणीत काढलेला तुकडा पावाच्या चकत्यांसारखा उभा चिरतात आणि त्यांतील काही चकत्या पाहतात. दोन चकत्यांच्या मधला भाग अनुमानानेच निर्मळ मानावा लागतो, आणि एकंदर कडेचा विचार केला तर प्रत्यक्ष नजरेखालून जाणारा भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. गाठ गोल व अखंड असेल तर एवढ्याने भागते. येथे तर एखाद्या मज्जातंतूच्या कडेने दोन पेशींची रांग निसटून गेलेली असते. मोज यांनी बशीच्या आकाराचा तिरपा थर काढावयास सुरुवात केली. जेवणाचा द्रोण उसवून पान जमिनीवर सपाट पसरावे, म्हणजे त्याच्या कडा आणि तळ एकाच पातळीत येतात; तसा तो थर सपाट करून त्याचा आडवा काप घ्यावयाचा, म्हणजे सारी कड व सारा तळ एका दृष्टिक्षेपात येतो. थराच्या बाजूंना रंग लावून त्याचा नकाशा काढावयाचा, आणि काचपट्टीवर रोग जेथे दिसेल तेथे नकाशावर खूण करावयाची. मोजणीदार शेताची हद्द कायम करतो तशीच ही रीत. शस्त्र पुन्हा चालते ते खुणेच्या जागीच. निरोगी कातडी अनाठायी जात नाही.

लेपाने वेदना फार होत, आणि प्रत्येक थरास एकेक दिवस जाई. १९५३ साली पापणीवरील कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे चित्रण चालू असता वेळ वाचविण्यासाठी मोज यांनी पुढचे थर लेपाविना, जागा बधिर करून, ताजेच काढले व गोठवून त्यांचे काप घेतले. परिणाम तितकाच चांगला आला. तरीही ही सुधारणा सर्वत्र रूढ होण्यास दोन दशके लागली. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोचे ट्रोमोव्हिच व स्टेगमन यांनी ताज्या थरांच्या पद्धतीने बऱ्या केलेल्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि मग लेप मागे पडला. मोज २००२ साली वारले, तोवर त्यांचे नाव या शस्त्रक्रियेस कायमचे चिकटले होते.

अशा रीतीने दोन स्वतंत्र प्रवाह एकत्र आले. १९८२ साली रोगाला नाव मिळाले, तेव्हा त्याचा शेष शोधणारी विद्या तयारच होती. या दोहोंच्या मिलनाचे फळ २००० साली प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यांनी अंदाजलेल्या गाठीच्या क्षेत्रफळाच्या मानाने, रोग संपेपर्यंत काढावी लागलेली जागा साधारणतः चौपट भरली. म्हणजे बोटाच्या पेराएवढी दिसणारी गाठ वस्तुतः चार पेरांएवढी होती. पूर्वीच्या शस्त्रवैद्यांना दोष देण्याचे यात कारण नाही. जो भाग दिसतच नव्हता तो त्यांनी कसा काढावा? २०१९ साली तज्ज्ञांनी सर्व उपलब्ध हकीकती तपासून जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही सारी कड तपासणाऱ्या शस्त्रक्रियेसच अग्रस्थान दिले आहे. किरणोपचार हा येथे पहिला उपाय मानला जात नाही. किंबहुना तारुण्यात मुरुमे किंवा अन्य क्षुल्लक विकारांसाठी ज्यांच्या चेहऱ्यावर क्ष-किरण सोडण्यात आले होते, अशा काही जणांत हाच रोग पुष्कळ वर्षांनी उद्भवल्याची नोंद आहे. शस्त्रक्रिया सोसणार नाही अशा रुग्णासाठी मात्र किरणांचा विचार होतो. अलीकडे पेशींतील जनुकांपर्यंत दृष्टी पोहोचली असून २०१९ साली पोरोकार्सिनोमातील, तर २०२० साली प्रस्तुत रोगातील काही जनुकीय बिघाड उजेडात आले आहेत. त्यांतून औषधे निघतील तेव्हा निघोत. तूर्त तरी खोलवर घेतलेला तुकडा आणि पूर्ण तपासलेली कड हीच या रोगावरील दोन खरी शस्त्रे आहेत.

आता नोंदीविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७६ साली अर्बुदांच्या वर्गीकरणाची एक संहिता प्रथम प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक गाठीस चार आकडी क्रमांक असून त्यापुढे तिरपी रेघ देऊन एक आकडा लिहितात. तो आकडा गाठीची वर्तणूक सांगतो. शून्य म्हणजे सौम्य, तीन म्हणजे मारक. या संहितेत सिरिंगोमाचा क्रमांक ८४०७/० असा आहे आणि आमच्या विषयाच्या कर्करोगाचा ८४०७/३ असा आहे. चार आकडे तेच. अखेरचा तेवढा निराळा. फाइलींत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांस हे पाहून वाटले की, या रोगाचा शंभर वर्षांचा सारा इतिहास या एका आकड्यात आला आहे. वरवरचा तुकडा पाहून लिहिणारा शून्य लिहितो, तळापर्यंत पाहणारा तीन लिहितो. दोघेही प्रामाणिक असतात. परंतु रुग्णाचा चेहरा राहणार की जाणार, हे त्या आकड्यावर ठरते. आपल्या देशातही अशा नोंदींची परंपरा आता जुनी झाली आहे. १९६३ साली मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली, आणि १९८१ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणीचे कार्य हाती घेतले. रोग जितका दुर्मिळ, तितके अशा वहीचे मोल अधिक. कारण एका डॉक्टराच्या आयुष्यात जे एकदाच दिसते, ते वहीतच दुसऱ्या शेजारी येऊन बसू शकते.

या इतिहासाचा आम्हां बदलीच्या नोकरीतील मंडळींशी विशेष संबंध आहे, आणि म्हणूनच हा विषय या मासिकासाठी निवडला. आपली तीन-चार वर्षे एका गावी जातात, पुढची तीन-चार दुसऱ्या प्रांतात. नोकरीची पुस्तिका आपल्यामागून येते, मुलांचे दाखले आपण जपून नेतो. देहाची कागदपत्रे मात्र प्रत्येक मुक्कामी टाकून येतो. जी गाठ दहा वर्षे हळूहळू वाढते ती तीन ठिकाणच्या तीन डॉक्टरांस तीनदा नवीनच दिसते. पहिल्याने तुकडा घेतला होता हे दुसऱ्यास ठाऊक नसते, आणि त्यात काय निघाले हे तिसऱ्यास कळत नाही. ज्या रोगाची ओळख जुना काप व नवा काप शेजारी ठेवल्यानेच पटली, त्या रोगास अशी विस्कळीत कागदपत्रे म्हणजे पर्वणीच. यासाठी आमची विनंती एवढीच की, शरीरावरील कोणत्याही गाठीचा तुकडा तपासला गेला असेल, तर त्याचा लेखी अहवाल आपल्या हाती घ्यावा. प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात तो तुकडा जपलेला असतो, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असल्यास त्याची काचपट्टी मागता येते, तीही मागावी. काढलेली गाठ त्याच जागी परत आली, तर ‘मागे सौम्य म्हणून सांगितले होते’ एवढ्यावर न विसंबता पूर्वीचा अहवाल नव्या डॉक्टरापुढे ठेवावा, आणि तुकडा किती खोल घेतला व कड किती तपासली, हे दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत. असे विचारण्यात डॉक्टराचा अवमान नाही. या रोगाचा इतिहास घडविणाऱ्या वैद्यांनीही स्वतःस हेच दोन प्रश्न विचारले होते.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. चेहऱ्यावरील बहुतेक पुटकुळ्या निरुपद्रवीच असतात, आणि प्रत्येक तिळात कर्करोग पाहणारा मनुष्य स्वतःस व घरच्यांस नाहक छळतो. दुर्मिळ रोग हा दुर्मिळच असतो. पण ज्याच्या वाट्यास तो येतो त्याच्यापुरता तो सोळा आणे खरा असतो, आणि त्याची नोंद बरोबर व्हावी हा त्याचा हक्क आहे. १९८२ सालच्या त्या निबंधातील सहा जणांची नावे जगास ठाऊक नाहीत. त्यांपैकी प्रत्येकाची काचपट्टी कोणीतरी जपून ठेवली होती, आणि तळापर्यंत पाहण्याचे कष्ट कोणीतरी घेतले होते. आज एखाद्या अपरिचित शहरात ज्या रुग्णाचे निदान पहिल्याच खेपेस बरोबर होते, तो त्या सहा अनामिकांचा ऋणी आहे.